सिग्नलचा सूर कुठे लावायचा?

मुंबईतल्या एखाद्या दाट वस्तीत मोबाइल टॉवरच्या एका सेक्टरवर अचानक कॉल तुटायला लागतात. अपलिंकवरचा गोंगाट दहा-पंधरा डीबीनं चढलेला दिसतो आणि कंपनीचा माणूस हातात स्पेक्ट्रम अॅनालायझर आणि यागी अँटेना घेऊन गल्लीत उतरतो. अशा तक्रारींच्या मुळाशी अनेकदा बेकायदा सिग्नल बूस्टर निघतो. आतल्या आणि बाहेरच्या अँटेनांमध्ये पुरेसं अंतर न राखता तो बसवलेला असतो, त्यामुळे स्वतःचंच आउटपुट पुन्हा आत घेऊन तो अखंड ठणाणा करत राहतो. परवानगीशिवाय असं यंत्र बसवणं गुन्हा आहे. पण आधी ते सापडायला हवं, आणि ते सापडतं चालत, जिने चढत, गच्च्यांवरून वाकून बघत. या शोधात अॅनालायझरच्या पडद्यावर आलेख असतो, आकडा असतो आणि जोडीला एक आवाज असतो: सिग्नल वाढला की चढणारा, घटला की उतरणारा. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत या आवाजाच्या वाट्याला सहसा दोन-चार ओळीच येतात. चालू-बंद कसा करायचा आणि मोठा-लहान कसा करायचा, एवढंच. माझं म्हणणं असं की हा आवाज म्हणजे सोय नव्हे, ती दुसरी मोजपट्टी आहे. पडद्यावरची पट्टी आपण जितक्या काळजीनं लावतो तितक्याच काळजीनं ती लावायला हवी. ती यंत्राच्या मर्जीवर सोडणं, म्हणजे आपोआप जुळू देणं, हे शोधकामातलं सगळ्यात महागात पडणारं आळशीपण आहे.

रेडिओची सुरुवात कानानंच झाली. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीनं अटलांटिकपलीकडचे तीन ठिपके ऐकल्याचा दावा केला तो टेलिफोनचा इअरपीस कानाला लावून. पुढे अमेरिकेतले वैमानिक ढगातून वाट काढायचे तीही कानावरच विसंबून. वाटेच्या एका बाजूला मोर्सचं ए ऐकू यायचं, दुसऱ्या बाजूला एन, आणि विमान बरोबर मध्यावर असलं की दोन्ही मिळून एक अखंड सूर लागायचा. नंतर मीटर आले, पडदे आले आणि कान मागे पडला. तो परत आला तो दुसऱ्याच क्षेत्रातून. १९८०च्या दशकात नेलकॉर कंपनीच्या पल्स ऑक्सिमीटरनं रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बीपच्या उंचीत घातलं आणि भूलतज्ज्ञाला यंत्राकडे पाठ करूनही रुग्णाची घसरण कळू लागली. त्या अनुभवातून हाती आलेली एक गोष्ट आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. सूर चढतोय की उतरतोय हे माणूस चटकन ओळखतो. पण नुसता सूर ऐकून आकडा सांग म्हटलं तर तो हमखास चुकतो. तेव्हा आकड्याचं काम पडद्याचं आणि बदलाचं काम कानाचं. या वाटणीत गल्लत झाली की दोन्ही निकामी होतात.

पुढं जाण्याआधी दोन प्रकारचे आवाज वेगळे करायला हवेत, कारण बाजारातल्या हातातल्या यंत्रांत दोन्ही एकाच बटणाखाली लपलेले असतात. पहिला म्हणजे सिग्नलचाच उलगडलेला आवाज. जीएसएम फोनची सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणारी गुरगुर, डेक्ट कॉर्डलेस फोनची १०० हर्ट्झची घरघर, विजेच्या खांबावरच्या ठिणगीची ५० हर्ट्झच्या दुप्पट गतीनं होणारी करकर, हे सगळं या पहिल्या प्रकारात येतं. हा आवाज ‘काय आहे’ ते सांगतो. दुसरा आवाज यंत्रानं स्वतः तयार केलेला सूर असतो. सिग्नलचं बळ मोजायचं आणि त्या प्रमाणात सूर बदलायचा. हा ‘किती आहे’ ते सांगतो. शोधाच्या सुरुवातीला पहिला लागतो, ओळख पटली की दुसरा. पहिल्याच्या मोठेपणावरून अंतर ताडत फिरणारे लोक दिसतात, आणि ते फसतात. मॉड्युलेशन बदललं की आवाज बदलतो, बळ तेच राहिलं तरी. एफएमचा आवाज तर रिसीव्हर लिमिटरमध्ये गेल्यावर जवळ-दूर सगळीकडे सारखाच राहतो. पुढचं सगळं विवेचन दुसऱ्या आवाजाबद्दल आहे.

बळ आवाजात घालायच्या तीन रीती आहेत: आवाज मोठा-लहान करायचा, बीप जलद-सावकाश करायच्या किंवा सूर वर-खाली करायचा. मोठेपणाची रीत सगळ्यात जुनी आणि शांत जागी ठीक. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायची ४५७ किलोहर्ट्झची जुनी अॅनालॉग यंत्रं याच रीतीनं चालत. त्यांचा धडा असा होता की जवळ जाल तसा आवाज कमी करत जा, कारण बारीक आवाजातला फरक कानाला अधिक कळतो. पण दादरच्या रस्त्यावर ही रीत टिकत नाही. व्यापारी भागात दिवसाची ध्वनिमर्यादा कागदोपत्री ६५ डीबी आहे. प्रत्यक्षात हॉर्न आणि रिक्षांच्या गर्दीत ती सहज ओलांडली जाते. कानाला इजा न करता त्या गोंगाटावर उरणारी जागा जेमतेम वीस-पंचवीस डीबीची. सिग्नल मात्र शोधाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत साठ-सत्तर डीबीनं बदलतो. म्हणजे सिग्नलचे तीन डीबी आवाजाच्या एका डीबीत कोंबावे लागतात, आणि एक डीबीचा फरक शांत खोलीतसुद्धा मुश्किलीनं कळतो. बीपच्या गतीची अडचण निराळी आहे. गती कळायला किमान दोन बीप ऐकाव्या लागतात. सिग्नल क्षीण असताना, नेमक्या ज्या वेळी माहितीची गरज जास्त त्या वेळी, बीप सेकंदाला दोन पडतात आणि तेवढ्यात अँटेना बरीच फिरून गेलेली असते. ठराविक पातळी ओलांडली की सावध करायला ही रीत उत्तम. दिशा काढायला नाही. उरतो सूर. गोंगाटात आवाज बुडतो, पण जितका ऐकू येतो तितक्यात त्याची उंची शाबूत असते. मध्यम पट्टीतला एका टक्क्याच्या आसपासचा फरक गाणं न शिकलेल्या माणसालाही थोड्याशा सरावानं कळतो. म्हणून निवड करता येत असेल तर सूर निवडावा, आणि यंत्र ती निवडच देत नसेल तर ते शोधकामासाठी घेताना दोनदा विचार करावा.

आता खरा प्रश्न: किती डीबीला किती सूर? इथं बहुतेक यंत्रांची आणि हौशी सॉफ्टवेअरची पहिली चूक सापडते. सोपं म्हणून डीबीच्या प्रमाणात सरळ हर्ट्झ वाढवले जातात. समजा ६० डीबीसाठी २०० ते २००० हर्ट्झ दिले. मग दर डीबीला ३० हर्ट्झ. तळाशी २००वरून २३०वर जाणं म्हणजे दोन स्वरांहून मोठी, ढळढळीत उडी. वरच्या टोकाला १९७०वरून २०००वर जाणं म्हणजे त्याच्या नवव्या हिश्श्याएवढा, रस्त्यावर निसटून जाईल असा फरक. कान हर्ट्झ मोजत नाही, पटी मोजतो. परिणाम असा की उगम लांब असताना यंत्र उगाच किंचाळतं आणि उगमापाशी पोचल्यावर, जिथं या भिंतीमागे की त्या, हे ठरवायचं असतं, तिथं ते बहिरं होतं. म्हणून डीबी समान तर सप्तकाचा हिस्साही समान, ही अट पहिली. ती पाळली की हिशेब आपल्याकडच्या कुणालाही तोंडी करता येईल इतका सोपा होतो. तीन सप्तकं घ्या, ३०० ते २४०० हर्ट्झ. त्यात ६६ डीबी बसवले की एका सप्तकाला २२ डीबी येतात. सप्तकाच्या श्रुतीही बावीस. श्रुती सगळ्या सारख्या नसतात हे गायकांना सांगायला नको, पण सरासरीनं बघितलं तर एक डीबी म्हणजे एक श्रुती, सुमारे सव्वातीन टक्क्यांचा फरक. कानाच्या कुवतीच्या आत आरामात बसणारा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सिग्नल ६ डीबीनं वाढतो. म्हणजे उगमाचं अंतर निम्मं झालं की सूर षड्जावरून कोमल गंधारावर जाईल, मग अंतर चाळीस मीटरवरून वीसवर येवो की चारवरून दोनवर. ही सारखी उडी हेच या पट्टीचं बळ आहे. पहिल्या गल्लीत कानाला जी सवय लागली ती शेवटच्या खोलीतही कामी येते.

तीन सप्तकं याच जागी का, त्यालाही कारण आहे. हातातल्या यंत्राचा स्पीकर एवढासा असतो. ३०० हर्ट्झच्या खाली तो फारसं काही वाजवू शकत नाही. वर जावं तर वयाबरोबर कानाची धार आधी वरच्या पट्टीतच बोथट होते, आणि तासभर चार हजार हर्ट्झची शिट्टी ऐकणाऱ्याचं डोकं उठतं ते वेगळंच. काही यंत्रांत सुराचा तळ आणि माथा दोन्ही बदलता येतात. तिथं माथा वाढवण्याचा मोह टाळावा. पट्टी जास्त बारीक हवी असेल तर सूर वाढवण्याऐवजी डीबी कमी करावेत. शोधाच्या शेवटच्या टप्प्यात ६६ऐवजी ३३ डीबी त्याच तीन सप्तकांत बसवले की एका डीबीला दोन श्रुती मिळतात. मात्र पट्टी बदलली की आधीच्या सुरांची आठवण विसरायची, हे मनाशी पक्कं हवं.

पट्टीचा तळ कुठं धरायचा हे ठरवताना भौतिकशास्त्राला विचारावं लागतं. साध्या तापमानाला दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम एवढा गोंगाट निसर्गच देतो. १० किलोहर्ट्झच्या रिझोल्युशन बँडविड्थला तो उणे १३४ होतो, १०० किलोहर्ट्झला उणे १२४. त्यावर यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाची भर, हातातल्या यंत्रांत ती बरीच असते. सूर या गोंगाटाच्या पाच-सहा डीबी वर सुरू व्हावा. त्याखाली ठेवला तर काहीच नसताना सूर सतत थरथरत राहतो आणि दहा मिनिटांत कान तो ऐकणं सोडून देतो. फार वर ठेवला तर गल्लीच्या तोंडाशी उगमाची पहिली चाहूलच लागत नाही. इथं सगळ्यांना विसर पडतो तो एका गोष्टीचा: बँडविड्थ दहापट केली की गोंगाटाचा तळ १० डीबीनं वर येतो, पण सुराचा उंबरठा आपण जिथं ठेवला तिथंच राहतो. मग सूर अचानक लागतो आणि माणूस समजतो की उगम जवळ आला. बँडविड्थला हात लावला की उंबरठ्यालाही लावायचा.

वेळेचा हिशेब यापेक्षा नाजूक आहे, आणि तो कागदावर न मांडता उतरलेले बरेच शोध वायाला जातात. ९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३३ सेंटिमीटर. भिंती आणि पत्रे यांवरून परतलेल्या लाटांमुळे दर सोळा-सतरा सेंटिमीटरला सिग्नल वर-खाली होतो, कधी वीस डीबीनंही. अॅनालायझर एक स्वीप अर्ध्या सेकंदात करत असेल तर चालणारा माणूस तेवढ्यात साठ सेंटिमीटर पुढं गेला. तीन-चार चढउतार मधल्या मध्ये हरवले आणि कानाला मिळाला तो त्यांतला कुठलातरी एक, नशिबानं निवडलेला. अँटेना हातात धरून चार सेकंदांत एक गिरकी घेतली तर अर्ध्या सेकंदाच्या उशिरानं दिशा ४५ अंशांनी चुकते. छोट्या यागीचा झोतच साठेक अंशांचा असतो. त्यात ही चूक म्हणजे दिशा काढलीच नाही म्हणा. उपाय असा की स्वीप सोडून झिरो स्पॅनवर यावं, म्हणजे यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसतं आणि सूर लगेच बदलतो. चालताना थोडी सरासरी हवी, म्हणजे हे बारीक चढउतार पुसले जातात. उभं राहून अँटेना फिरवताना सरासरी नको. थांबून थांबून येणाऱ्या सिग्नलला पीक होल्ड लावावा लागतो, पण न उतरणारा पीक होल्ड सुराला वरच चिकटवून ठेवतो. अँटेना वळवली तरी सूर तोच. सेकंदाभरात उतरणारा पीक धरावा. टीडीडी नेटवर्कमध्ये, उदाहरणार्थ २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अपलिंक आणि डाउनलिंक एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं येतात. तिथं यंत्राला फक्त अपलिंकच्या वेळी मोजायला सांगता आलं नाही तर तो सूर टॉवरचा आहे, बूस्टरचा नव्हे. हेडफोनही याच हिशेबात येतो. ब्लूटूथचा आवाज ठळकपणे उशिरा पोचतो, शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर शोध चालू असेल तर तो हेडफोनच एक उगम होऊन बसतो. वायरचा इअरफोन, एकाच कानात. दुसरा कान रस्त्यासाठी.

यागीच्या टोकाबद्दल एक बारकावा सांगायला हवा, कारण सुराचा खरा फायदा तिथं दिसतो. अँटेना उगमाच्या बरोबर रोखावर असली की सूर सर्वांत उंच, हे खरं. पण ते टोक बोथट असतं. साठ अंशांच्या झोताला पंधरा अंश चुकवलं तरी सिग्नल एका डीबीनंसुद्धा उतरत नाही. उंच सूर शोधत बसणारा माणूस एवढ्या रुंदीत कुठंही थांबतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंना सूर तीन श्रुती उतरेपर्यंत वळावं, दोन्ही जागा मनात धराव्यात आणि त्यांचा मध्य घ्यावा. उतारावर सूर भराभर बदलतो, म्हणून तिथली जागा अचूक सापडते. हे पडद्यावर बघून करता येईल, पण मग नजर आकड्यावर आणि हात होकायंत्रावर. कानानं केलं तर नजर समोरच्या इमारतींवर राहते.

जवळ गेल्यावर मात्र सूर खोटं बोलू लागण्याची शक्यता वाढते. हॅकआरएफसारख्या स्वस्त आणि लोकप्रिय यंत्राचा कन्व्हर्टर ८ बिटांचा आहे, म्हणजे एका वेळी जेमतेम ४८ डीबीचा पल्ला. पोर्टापॅक जोडून आणि मेहेम फर्मवेअर घालून ते खिशातलं शोधयंत्र होतं, बीपसुद्धा वाजवतं, पण गेन कुठं ठेवायचा हे वापरणाऱ्यानं ठरवायचं असतं: पुढचा टप्पा शून्य ते ४० डीबी, आठ-आठच्या पायऱ्यांनी, नंतरचा शून्य ते ६२, दोन-दोनच्या. गेन जास्त राहिला की कन्व्हर्टर भरतो आणि सूर माथ्याला जाऊन गोठतो. त्याहून वाईट गोष्ट टॉवरच्या सावलीत घडते. आपल्या चॅनेलवर काहीच नसतं, पण शेजारच्या बलाढ्य सिग्नलांमुळे यंत्राच्या आतच खोटा सिग्नल तयार होतो आणि सूर त्याचा लागतो. याची परीक्षा सोपी आहे. अँटेना आणि यंत्र यांच्यामध्ये १० डीबीचा अॅटेन्युएटर लावायचा. खरा सिग्नल १० डीबीनं उतरेल, वरच्या पट्टीप्रमाणे दहा श्रुती. तिसऱ्या क्रमाचं खोटं मिश्रण ३० डीबीनं कोसळेल, सप्तकाहून जास्त. यंत्रातला अॅटेन्युएटर वापरला तर लक्षात ठेवावं की चांगली यंत्रं त्याची भरपाई आकड्यात करतात. तिथं खऱ्या सिग्नलचा सूर जागचा हलता कामा नये. हलला तर सिग्नल संशयास्पद. ही कसोटी कानाला इतकी सहज देता येते की ती दर मजल्यावर द्यावी. अगदी शेवटच्या काही मीटरांत अॅटेन्युएटरही पुरत नाही, सिग्नल यंत्राच्या खोक्यातूनच आत शिरतो. तिथं हौशी रेडिओवाल्यांची जुनी युक्ती चालते: फ्रिक्वेन्सी थोडी बाजूला सरकवायची, म्हणजे फिल्टरच्या उतारावरून सिग्नल कमी येतो, किंवा अँटेना काढून यंत्र छातीशी धरून स्वतःभोवती फिरायचं आणि अंगाच्या आडोशानं सूर उतरेल ती बाजू उगमाच्या विरुद्ध समजायची.

आता मुख्य वादाकडे. हे सगळं हातानं करायचं कशाला, यंत्रच का करत नाही? बरीच यंत्रं करतात. गेल्या काही सेकंदांतला सर्वांत मोठा सिग्नल सुराच्या माथ्याला आणि सर्वांत लहान तळाला ठेवतात, किंवा एजीसी (गेन आपोआप जुळवणारी सोय) चालू ठेवून सुराला कायम मधल्या पट्टीत धरून ठेवतात. नवख्याला हे फार आवडतं, कारण सूर नेहमी हलताना दिसतो आणि यंत्र जिवंत वाटतं. पण शोध म्हणजे तुलना. दुसऱ्या मजल्यावरचा सिग्नल उणे ८० आणि तिसऱ्यावरचा उणे ५० असेल तर हाच ३० डीबीचा फरक शोधाचा निकाल असतो. आपोआप जुळणारी पट्टी दोन्ही मजल्यांवर तोच उंच सूर ऐकवते आणि निकाल पुसून टाकते. एजीसीची खोड आणखी वाईट. अँटेना हळू फिरवली तर ती मध्येच जुळवून घेते, झटकन फिरवली तर नाही. एकाच जागी, एकाच दिशेला, दोन वेगवेगळे सूर. हाताच्या वेगावर अवलंबून असलेलं मोजमाप मोजमाप राहत नाही. याला बचाव असा केला जातो की पक्की पट्टी जवळ गेल्यावर माथ्याला चिकटते आणि नवखा गोंधळतो. गोंधळतो खरा, पण त्या क्षणी त्याला एक ठोस गोष्ट कळते: पट्टी संपली. तो २० डीबी घालतो, सूर सप्तकाच्या आसपास खाली येतो, आणि मी वीस घातले आहेत ही माहिती त्याच्या डोक्यात राहते. आपोआप पट्टीत हीच माहिती यंत्र गिळून टाकतं. निर्मात्यांना सुवर्णमध्य हवाच असेल तर तो असा: पट्टी आपोआप सरकू द्या, पण ठराविक पायरीनं, आणि सरकताना वेगळा दुहेरी बीप वाजवून. गुपचूप सरकणारी पट्टी मात्र मूळ सेटिंगमध्ये असूच नये.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: आता हे सगळं कालबाह्य नाही का? अनेक अँटेनांची जुळवणी करून दिशा थेट नकाशावर दाखवणारी यंत्रणा गाडीच्या टपावर बसते. क्रॅकनएसडीआरसारखा पाच चॅनेलांचा संच हौशी माणसाच्याही आवाक्याकडे सरकला आहे. ही साधनं गल्लीच्या तोंडापर्यंत नेतात, झटपट नेतात, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पण गाडी चाळीच्या जिन्यात शिरत नाही, आणि चारी बाजूंनी परतलेल्या लाटांत नकाशावरची रेषा दर सेकंदाला दिशा बदलते. शेवटचे पन्नास मीटर पायीच काढावे लागतात. तिथं गच्चीच्या कठड्यावरून वाकताना, लोखंडी शिडीवर पाय ठेवताना नजर पडद्यावर असणं हा साधा धोका आहे. पडद्याचा आलेख अधिक अचूक, हे म्हणणं त्यामुळे बरोबर असूनही अपुरं ठरतं.

कानांच्या मर्यादेचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. काही लोकांना सुरांतला बारीक फरक जन्मतःच कळत नाही. टॉवरखाली जनरेटरजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान बसलेले असतात. अशांसाठी पट्टी बारीक करावी, एका डीबीला दोन श्रुती द्याव्यात, सुराला जोडून कंपनाची सोय असावी. आणि ज्याला तरीही जमत नाही त्यानं पडद्यावर काम करावं. त्यात कमीपणा नाही. आवाजामुळे आजूबाजूच्यांना त्रास होतो किंवा शोधाचा सुगावा लागतो, या तक्रारीवर इअरफोन हे पुरेसं उत्तर आहे. ती फार लांबवण्यात अर्थ नाही.

सुराची पट्टी शोधाबरोबर कशी बदलत न्यावी लागते याचं एक चांगलं उदाहरण मोबाइलच्या जगाबाहेरचं आहे. नारायणगावजवळ खोडदला एनसीआरए या संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. मीटरभर लांबीच्या लाटा ऐकणाऱ्या या दुर्बिणीला आसपासच्या वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्या आणि टीव्हीचे बिघडलेले बूस्टर त्रास देतात. खांबावरच्या सैल क्लॅम्पची किंवा तडकलेल्या इन्सुलेटरची ठिणगी एका फ्रिक्वेन्सीवर बसत नाही, पसरते. पण वरच्या फ्रिक्वेन्सीला ती दूरवर पोचत नाही. म्हणून अशा ठिणग्यांचा माग काढताना आधी खालच्या फ्रिक्वेन्सीवर गाव हुडकतात, मग दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास ओळ, मग त्याहून वर जाऊन खांब. शेवटी खांबावरचा नेमका भाग ४० किलोहर्ट्झचा श्राव्यातीत आवाज ऐकणाऱ्या तबकडीनं. दर पायरीला फ्रिक्वेन्सी बदलते, म्हणजे अँटेना बदलते, गोंगाटाचा तळ बदलतो, आणि सुराचा उंबरठा नव्यानं लावावा लागतो. वरच्या फ्रिक्वेन्सीवर गेल्यावर सूर मूळच्यापेक्षा खाली लागतो आणि शोध उलट्या दिशेनं गेला असं वाटतं. प्रत्यक्षात ती जवळ आल्याची खूण असते, कारण या फ्रिक्वेन्सीला ठिणगी दुरून ऐकूच आली नसती. आपोआप पट्टीवर विसंबणाऱ्याला ही पायरी जाणवतच नाही. सगळ्या खांबांवर त्याला सारखाच सूर ऐकू येतो.

उद्या यंत्र विकत घ्यायला गेलात, किंवा कार्यालयातलं पडून राहिलेलं बाहेर काढलंत, तर दुकानदाराला किंवा साहेबांना सूर आहे का एवढंच विचारू नका. एक स्थिर सिग्नल जोडा, सूर ऐका, १० डीबीचा अॅटेन्युएटर लावा, पुन्हा ऐका. मग तेच तळाशी आणि माथ्याशी करून बघा. तिन्ही ठिकाणी सूर सारखाच उतरला आणि अर्धा मिनिट थांबूनही परत वर सरकला नाही, तर यंत्र घ्या. नाहीतर त्याचा आवाज बंद करा आणि पडद्यावर काम करा.